एक गाठ, दोन गाठी

तांबेरा आप्पांनी अंगठ्याने ओळखला. चाफ्याचं पान उलटं करून त्यांनी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, दोन बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाले, "पीठ लागतंय. रंग सांग."

"नारिंगी," मी म्हणाले.

"आणि वरून?"

"पिवळे ठिपके. टाचणीच्या डोक्याएवढे. खालच्या फांद्यांना जास्त, शेंड्याला कमी."

"मग तांबेराच," असं म्हणून त्यांनी अंगठा पँटला पुसला.

आप्पा म्हणजे माझे वडील. हाडांच्या हॉस्पिटलात ते तीस वर्षं माळी होते, आणि शेवटची दोन वर्षं त्यांना दिसत नव्हतं. अगदी अंधार नव्हता. कडेकडेचं थोडं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं व्हायचं. हे आता वाढतच जाणार, असं डोळ्यांच्या डॉक्टरने सांगून टाकलं होतं. ही गोष्ट त्यांच्याशिवाय फक्त मला ठाऊक होती. हॉस्पिटल डॉक्टरांनी भरलेलं, पण सगळे हाडांचे. आप्पा लंगडले असते तर दुपारच्या आत त्यांचा एक्स-रे निघाला असता. डोळ्यांचं तिथे कोणाला पडलंय?

नोकरी त्यांच्या नावावर, आणि मागच्या फाटकाजवळची आमची खोली नोकरीवर. नवऱ्याचं घर सोडून मी त्या खोलीत राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली होती. त्यात सांगण्यासारखं काही नाही, भांडायला दोघं लागतात आणि मी एकटी पुरून उरत होते. तेव्हापासून मी आप्पांच्या हाताखाली काम करत होते. त्यांची नजर अधू झाली तशी मी त्यांच्या शेजारी उभी राहून हळूच सांगायला लागले. "समोर साहेब येतायत." "डावीकडे बादली आहे." बाकी सगळं त्यांच्या हातांत होतं. कुठल्या कुंडीला पाणी हवंय हे ते मातीत बोट खुपसून सांगायचे. नळापासून बाकापर्यंत किती पावलं, बाकापासून चाफ्यापर्यंत किती, सगळं पाठ होतं. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "माळीकाका, तुमच्या हाताला डोळे आहेत." मला दरदरून घाम फुटायचा, आप्पा मात्र खूश व्हायचे.

तो लाल चाफा म्हणजे हॉस्पिटलाची मोजपट्टी होता. इमारतीच्या पायऱ्यांपासून झाडापर्यंत चौतीस पावलं. ऑपरेशन झालेल्या पेशंटला वॉकर देऊन सांगायचे, आज दहा पावलं, उद्या पंधरा. ज्या दिवशी माणूस चाफ्याखालच्या बाकावर जाऊन टेकला, त्या दिवशी घरी जायची चिठ्ठी. फॉर्मवर तसं काही छापलेलं नव्हतं, पण आयांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे असंच बोलायचे. "पोचला का चाफ्यापर्यंत?"

त्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या पांढऱ्या चादरीवर नारिंगी पूड पडली आणि तिच्या मुलाने अख्खी इमारत डोक्यावर घेतली. आईच्या जखमेत हा रोग गेला तर जबाबदार कोण, वगैरे. अधीक्षक साहेब स्वतः बागेत आले. साहेबांना झाडांचं प्रेम बेताचंच, गाड्या लावायला जागा कमी पडते याचं दुःख मोठं.

"साहेब, झाडाचा रोग झाडाला," आप्पा म्हणाले. "माणसाला नाही होत."

"तुम्हाला कळतं हो. नातेवाइकांना कोण समजावणार? महिना देतो तुम्हाला. महिन्याने पानं स्वच्छ दिसली नाहीत तर झाड काढायचं."

आप्पा "बरं" म्हणाले. साहेब गेल्यावर त्यांनी बुंध्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ते झाड त्यांनीच लावलं होतं, कोपराएवढी फांदी होती तेव्हा. माझी आई तेव्हा जिवंत होती आणि मी शाळेत होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही हात धुऊन तांबेऱ्याच्या मागे लागलो. आधी खराब पानं खुडायची. तोडली की देठातून दूध गळतं, ते अंगावर पडलं की खाज सुटते. पडलेलं एकही पान जमिनीवर ठेवायचं नाही. मी पहिल्या दिवशी पानं खताच्या खड्ड्यात टाकायला निघाले तर आप्पा केवढ्यांदा ओरडले. रोग पानात झोपून राहतो आणि खतातून परत बागेत येतो, जाळायचीच. आणि दर दहा दिवसांनी फवारणी. वारा सुटायच्या आत, ऊन यायच्या आत, पानाच्या खालच्या बाजूने. "वरून औषध मारणं म्हणजे दार सोडून भिंतीला कुलूप लावणं," आप्पा म्हणायचे. ते एकेक पान डाव्या हाताने उलटायचे आणि उजव्या हाताने फवारायचे. चाफ्याला पानं किती असतात ते मोजू नका. सकाळचे दोन तास जायचे.

आमच्याकडे पाठीवरचे दोन पंप होते. निळा रोगाच्या औषधाचा, लाल तणाच्या औषधाचा. तणाचं औषध म्हणजे गवत मारायचं विष, ते झाडावर पडलं की झाडही गवतासारखंच जातं. रंग आप्पांना दिसत नव्हते आणि पंप एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. म्हणून आप्पांनी पट्ट्यांना सुतळी बांधली होती. निळ्याच्या पट्ट्याला एक गाठ, लालच्या पट्ट्याला दोन. औषध कालवायचं काम माझं, कारण मापाच्या रेघा त्यांना दिसायच्या नाहीत. आणि एक नियम होता, त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलेला. पंपात नाक घालायचं नाही. माळ्याची छाती वासानेच जाते. ते स्वतः नाकातोंडाला फडकं बांधल्याशिवाय पंपाला हात लावत नसत.

त्याच सुमारास वॉर्डात एक शिंपी होते, खुबा मोडलेले. हाताला काम नाही म्हणून चिडचिड करायचे. आप्पांच्या खांद्याचं कातडं पट्ट्याने सोलवटतं हे त्यांनी खिडकीतून पाहिलं, निळ्या पंपाचा पट्टा मागवून घेतला आणि जुन्या ब्लँकेटचा तुकडा घालून त्याला झकास गादी शिवून दिली. सुतळीची गाठ पाहून त्यांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, नवस आहे. ते हसले.

दोन फवारण्या झाल्या. नवी पानं हिरवीगार यायला लागली. मी पान उलटून अंगठा फिरवायचे, आप्पांना सांगायचे, "स्वच्छ." ते तरीही स्वतः फिरवून बघायचे. महिना संपायला नऊ दिवस उरले होते आणि तिसरी फवारणी शुक्रवारी सकाळी होती.

गुरुवारी दुपारी साहेबांचा निरोप आला, सोमवारी ट्रस्टी येणार, फाटकापासून इमारतीपर्यंत फरशीच्या फटींतलं गवत दिसता कामा नये. मी लाल पंप भरला. माझा खांदा आधीच दुखत होता आणि लालचा पट्टा नुसता प्लॅस्टिकचा, दोरीसारखा रुततो. मी निळ्याचा गादीवाला पट्टा काढला आणि लालला लावला. लालचा निळ्याला अडकवला. दोन मिनिटांचं काम. गाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. मला दिसत होतं ना, मला गाठींचं काय?

संध्याकाळपर्यंत फटी फवारल्या. पंपात निम्म्याहून जास्त औषध उरलं. नियमाने ते ओतून पंप तीनदा धुवायचा असतो. मी म्हटलं, उद्या मागची गल्ली मारू, कशाला वाया घालवा. हत्यारांच्या खोलीत आत जाऊन जागेवर ठेवायचाही कंटाळा केला. दाराशीच टेकवला आणि घरी जाऊन झोपले.

शुक्रवारी मला जाग आली तेव्हा आप्पांचं अंथरूण रिकामं होतं. उजाडलं होतं. मी तोंडावर पाणी मारून बागेत गेले. आप्पा चाफ्याखाली उभे होते, नाकाला फडकं, पाठीवर लाल पंप. शेवटच्या फांदीचं शेवटचं पान उलटून ते त्याला फवारत होते. सगळं झाड ओलं, एक पान कोरडं नव्हतं. इतकी चांगली फवारणी मी आयुष्यात पाहिली नाही.

"उठलीस?" माझी पावलं ऐकून ते म्हणाले. "तू कालवून ठेवलंस ते बरं केलंस. दाराशीच हाताला लागला. म्हटलं पोरीला झोपू दे."

पट्टे मीच बदलले होते. आणि मला त्याच क्षणी हेही ठाऊक होतं की नळ जवळ आहे, नळी नळाला लावलेली आहे, आणि आत्ता पाण्याने झाड धुऊन काढलं तर बरंचसं वाचेल. औषध पानात मुरायला वेळ लागतो. तोंड उघडायचा अवकाश होता.

पण साहेब व्हरांड्यात उभे होते. चहाचा कप हातात, आमच्याकडेच बघत. "वा, माळीबुवा! कामाला लागलात पहाटेपासून!" ते ओरडले. आप्पांनी हात उंचावला. मी आता नळी उचलली तर साहेब विचारणार, काय झालं? लाल पंप निळा समजला, का? दिसत नाही का? आणि मग नोकरी, मग खोली. हे सगळं मी मनात मांडलं आणि ते खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधी, सगळ्यांत आधी, मनात आलं ते एवढंच, की आप्पा साहेबांसमोर मला बोल लावतील. अडतीस वर्षांची घोडी मी, आणि बापाच्या ओरडण्याला भ्यायले.

"द्या इकडे," मी म्हणाले. "मी धुते."

मी पंप खोलीत नेला. तीनदा धुतला. मग दोन्ही पट्टे काढले आणि ज्याचा त्याला लावून टाकले. गादीवाला निळ्याला, प्लॅस्टिकचा लालला. लाल पंप त्याच्या जागी, निळा त्याच्या जागी. दुपारी ऊन कडक पडलं तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, औषध कालचं होतं, पातळ होतं, काही होणार नाही.

पाच दिवस काही झालं नाही. ट्रस्टी आले, गेले, साहेबांनी त्यांना हिरवा चाफा दाखवला. सहाव्या दिवशी शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली. आठव्या दिवशी गळायला लागली, हिरवीसुद्धा. तांबेऱ्याने पान गळतं ते डाग पडून, वाळून. ही पानं मऊ होऊन गळत होती. फांद्यांची टोकं सुरकुतली, दाबली की बोट आत जायचं. शिंपी तेव्हा वॉकर घेऊन बाकापर्यंत आले होते. घरी जायचा दिवस त्यांचा. झाडाकडे बघून म्हणाले, "आता मागचे लोक चालणार कुठपर्यंत?" कोणी हसलं नाही.

आप्पांनी फांदीचं टोक दाबलं आणि बोट नाकाशी नेलं. मग मला म्हणाले, "हा तांबेरा नाही. हे तण मारायचं औषध आहे. पंप आण."

"कुठला?"

"दोन्ही."

मी दोन्ही आणले. ते बाकावर बसले. एक पंप त्यांनी मांडीवर घेतला, पट्ट्याची गादी चाचपली, सुतळी शोधली. एक गाठ. बाजूला ठेवला. दुसरा घेतला. प्लॅस्टिकचा पट्टा, सुतळी, दोन गाठी. त्यांनी पुन्हा मोजल्या. पुन्हा मोजल्या. त्यांचा अंगठा त्या दोन गाठींवरून जात राहिला, आणि मी तिथे उभी राहून बघत राहिले.

"त्या दिवशी मला एकच लागली होती," ते म्हणाले. "मऊ पट्टा होता. मला शपथेवर वाटतंय मऊ होता."

मी त्यांच्या मांडीवरचा पंप उचलून घेतला.

"हातही गेले म्हणजे," आप्पा म्हणाले.

साहेबांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं ते काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. दोन वर्षं त्यांनी ते गुपित जिवापाड जपलं होतं. पण त्यांनी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सरळ सांगितलं, "चूक माझी आहे. मी चुकीचा पंप घेतला. मला दिसत नाही, दोन वर्षं झाली." साहेबांनी एकदा त्यांच्या चेहऱ्यासमोर हात हलवून पाहिला, ते मी पाहिलं, आप्पांना कळलं की नाही देव जाणे. मग साहेब चांगलं वागले. फारच चांगलं वागले. आप्पांना वयाच्या नावाखाली सन्मानाने निवृत्त केलं, शाल दिली, आणि माळ्याची जागा मला दिली. "मुलगी डोळस आहे तुमची, बाग नीट सांभाळेल," असं म्हणाले. खोली आमच्याकडेच राहिली.

झाड पुढच्या आठवड्यात कापलं. करवतवाला म्हणाला, "बाई, वरून मेलंय, पण बुंध्यात दूध आहे हो अजून. वर्षभर थांबला असतात तर कदाचित फुटलं असतं." साहेब म्हणाले, कापा. आप्पा खोलीत बसून ऐकत होते. दार लावून घेतलं नाही त्यांनी.

त्यानंतर आप्पांनी कशालाही हात लावायचं सोडलं. म्हणजे हातात वस्तू घ्यायचे, पण घेतल्यावर विचारायचे. हा पेला आहे की वाटी? दार उघडं आहे की बंद? मी कुंडी जवळ नेऊन म्हणायचे, बघा ना, पाणी हवंय का हिला? तर हात मांडीवर ठेवून म्हणायचे, "तूच बघ. माझा भरवसा नाही." डोळे जाऊन दोन वर्षं जो माणूस बागेत बिनधास्त फिरत होता, तो आता खोलीतून मोरीत जायला माझा हात धरायचा. खात कमी, बोलत त्याहून कमी. मी ड्युटीवर गेले की खाटेवर बसून राहायचे, परत आले की त्याच जागी. असे सहा महिने गेले. मला झोप लागायची, जेवण जायचं, हेही सांगून टाकते. माणूस कशालाही सरावतो असं नाही, मी सरावले.

एका सकाळी ते सदरा घालत होते. सदरा दोन्ही हातांत धरून त्यांनी मला हाक मारली. "सुलटा आहे का उलटा?"

शिवण त्यांच्या बोटाखाली होती. उलट्या बाजूची जाड, उसवल्यासारखी शिवण, लहान पोरालासुद्धा कळली असती. त्यांचं बोट तिच्यावर होतं आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत उभे होते.

"एकच गाठ होती," मी म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी पट्ट्याला एकच गाठ होती. मऊ पट्टाच होता. मी लाल पंपाला लावला होता आदल्या दिवशी, खांदा दुखत होता म्हणून. तुमची बोटं बरोबर होती."

ते तसेच उभे राहिले, सदरा हातात घेऊन. मी रडायला लागले होते, त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"सकाळी मला बघितलंस तेव्हा कळलं तुला?"

"हो."

"पानं ओली होती?"

"हो."

"नळ किती पावलांवर होता?"



"अकरा," आप्पाच म्हणाले. मग म्हणाले, "आणि नंतर मी पंप मागितले, तेव्हा माझ्या हातात दोन गाठी दिल्यास."

"आप्पा, खोली गेली असती. नोकरी..."

"साहेबांना सांगू नकोस," ते म्हणाले. "खोली जाईल."

त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला, सदरा उलटवला, घातला. बटणं लावली, एकही चुकलं नाही. मी नेहमीसारखा हात पुढे केला. तो त्यांना दिसला नसेल. ते भिंतीला बोटं टेकवत दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर थांबून पायाने पायरी चाचपली आणि एकटे बागेत उतरले. मी खिडकीतून बघत होते. ते नळापाशी गेले, तिथून वळून अकरा पावलं चालले आणि बुंध्याच्या थोटकावर हात ठेवून उभे राहिले. दुपारी जेवायला आले तेव्हा नखांत माती होती. मला म्हणाले, पारिजातकाला पाणी जास्त होतंय, मुळं कुजतील. किती महिन्यांनी त्यांनी काही सांगितलं होतं. मला वाटलं, चला, निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला. त्यांच्या हातात कप दिला, रोज देते तसा.

आप्पांनी कप तोंडाशी नेला, मध्येच थांबवला, आणि आधी त्याचा वास घेतला.